गाजरं घालून उगवलेला सूड

मामाची शीळ दोन तुकड्यांत वाजायची. एक लांब, एक आखूड. लांब तुकडा वाजत असेपर्यंत थोडा वेळ हातात असायचा. श्वास घ्यायचा, डोळे मिटायचे, पळायला वाट आहे का ते बघायचं. आखूड तुकडा वाजला की खेळ खलास. त्यानंतर जागचं हलायचं नाही. घोड्यानंही नाही आणि भाचीनंही नाही.

ती भाची आता चौतीस वर्षांची झाली होती. स्वतःचं दोन खोल्यांचं घर होतं, दाराला आतून तीन कड्या होत्या आणि घोडेस्वारीच्या एका शाळेत घोड्यांना शिकवायची नोकरी होती. तिथे सगळे तिला हळूबाई म्हणायचे. उगाच नाही म्हणायचे. ती दार हळू उघडायची, बादली हळू ठेवायची, शिंकायचीसुद्धा हळू. आणि तिची शिकवण्याची तऱ्हा बघून तर नवीन माणूस कपाळाला हातच लावायचा.

बिथरलेला घोडा आला की हळूबाई घडीची खुर्ची घेऊन रिंगणात जायची, घोड्याकडे चक्क पाठ करून बसायची आणि मटार सोलायला घ्यायची. बस्स! ना लगाम, ना चाबूक, ना हाक. तासभर मटार. दुसऱ्या दिवशी पुन्हा मटार. स्वारी शिकायला येणाऱ्या मुलांचे आईबाप कुंपणावर वाकून विचारायचे, "या बाई शिकवतात कधी?"

"शिकवतायत की," नालबंदकाका सांगायचे, "सध्या मटारचा वर्ग चालू आहे."

नालबंदकाका म्हणजे घोड्यांच्या खुरांना नाल ठोकणारे म्हातारबुवा. पाठीत बाक, तोंडात खिळे आणि त्या खिळ्यांच्या फटीतून अखंड बडबड. पण हळूबाईची चेष्टा करायचा हक्क आपल्याला एकट्यालाच आहे असं त्यांचं ठाम मत होतं. दुसऱ्या कुणी केली की ते हातोडा उचलायचे.

आणि गंमत म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो बिथरलेला, लाथाळ, चावरा घोडा आपणहून यायचा. एक पाऊल, थांबा, आणखी एक पाऊल, आणि मग मानेवर गरम श्वास. तरीही हळूबाई वळायची नाही. खांद्यावरून एक शेंग मागे धरायची. घोडा ती घ्यायचा आणि तिथून पुढे तो तिचाच होऊन जायचा.

हे तिला कुणी शिकवलं? मामाच्या तबेल्यातल्या एका म्हाताऱ्या, एका डोळ्यानं आंधळ्या घोड्यानं. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि मामानं तिला 'उपकार म्हणून' घरी आणलं होतं. मार खाऊन झाला की ती त्या घोड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसायची. तो काय करायचा? काहीच नाही. तिच्याकडे पाठ करून चारा चघळत राहायचा. रडतेस का विचारायचा नाही, गप्प बस म्हणायचा नाही. थोडासा सरकून जागा तेवढी करून द्यायचा. आपल्याकडे पाठ करून उभं राहिलेल्या प्राण्याशेजारी किती निवांत वाटतं, ते तिला तिथे कळलं.

बाकीचं सगळं मामानं शिकवलं. म्हणजे त्याला पत्ता नसताना. अंगणातून येणाऱ्या बुटांच्या आवाजावरून आज स्वारीचा पारा कितीवर आहे ते ओळखायचं, जबडा घट्ट आहे की सैल ते बघायचं, कानशिलं लाल झाली की दाराच्या बाजूला सरकायचं. ज्या पोरीनं सात वर्षं माणसाचे कान वाचले, तिला घोड्याचे कान वाचणं म्हणजे अगदी मोठ्या अक्षरातलं पुस्तक!

पण या गोष्टीला सुरुवात झाली भिंगरीपासून.

भिंगरी ही तांबूस रंगाची, पांढऱ्या पायमोज्यांची घोडी. शाळेच्या मालकीणबाईंनी एका दलालाकडून घेतली आणि सगळी शाळा तिच्या प्रेमात पडली. किती शांत! किती शहाणी! उभी केली तिथे उभी राहते, अगदी पुतळ्यासारखी! मालकीणबाई तर हरखूनच गेल्या. "हळूबाई, हिच्यासाठी तुम्हाला मटार आणायची गरजच नाही. तयारच आहे ती."

 हळूबाई भिंगरीच्या पोटाकडे बघत होती. पोट दगडासारखं आवळलेलं होतं. माणूस समोर असला की घोडी चाऱ्याला तोंड लावत नव्हती. ही घोडी शांत नव्हती. ही घोडी लपली होती, आपल्याच कातड्याच्या आत.

आठवडाभरानं नालबंदकाका तिचे नाल बदलायला बसले. तिचा पुढचा पाय त्यांच्या मांडीवर, हळूबाई बादली घेऊन शेजारी. काकांना काम करताना शीळ वाजवायची सवय. सूर म्हणाल तर औषधालाही नाही. वाजवता वाजवता त्यांच्या तोंडून एक लांब सूर निघाला आणि लगेच एक आखूड.

भिंगरीचा पाय त्यांच्या मांडीवर लाकूड झाला. डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला आणि घोडी उभ्या जागी मुतली.

"अगं ए बये! माझे बूट!" काका ओरडले आणि त्यांनी वर पाहिलं. मग त्यांच्या तोंडातले खिळे एकेक करून खाली पडले. कारण शेजारी बादली कलंडली होती आणि हळूबाई भिंतीला पाठ लावून, दोन्ही तळवे विटांवर दाबून उभी होती. मान खाली, खांदे वर. घोडी आणि बाई, दोघी अगदी एकाच साच्यातून काढल्यासारख्या.

काकांनी भिंगरीचा पाय हळूच खाली ठेवला.

"ही तुझ्या मामाच्या हाताखालून आलेली आहे," काका शेवटी म्हणाले.

"हो."

"पोरी, मी तेव्हा तिथेही नाल ठोकायला यायचो."

"माहीत आहे मला."

"ऐकू यायचं गं. मग मी हातोडा आणखी जोरात मारायचो. ऐकू येऊ नये म्हणून."

हळूबाईनं बादली उचलली. "मामी रेडिओ मोठा करायची," ती म्हणाली. "तुमचा हातोडा तरी तालात असायचा."

काकांना हसावं की रडावं ते कळेना. हळूबाईला मात्र एक गोष्ट लख्ख कळली होती. पंचवीस वर्षं तिनं आत कुठेतरी झाकून ठेवलेला निखारा विझलेला नव्हता. चांगला लालबुंद होता. फुंकर मारायचीच काय ती बाकी होती.

फुंकर मारली मालकीणबाईंनी. एक दिवस उड्या मारतच आल्या. "अहो, ऐकलंत का! आपल्या वार्षिक प्रदर्शनाला पाहुणे म्हणून उस्ताद यायला तयार झालेत! आणि माहीत आहे का, भिंगरी त्यांच्याच हातची निघाली! ते म्हणाले, तिच्यावरच शिळेचा प्रयोग करून दाखवतो."

शिळेचा प्रयोग! सगळीकडे गाजलेला होता तो. उस्ताद, म्हणजे मामाच, रिंगणाच्या मध्यावर उभा राहणार. शीळ वाजवणार. घोडा जागच्या जागी गोठणार. मग मामा त्याच्या पोटाखालून वाकून जाणार, त्याच्या पायांना टेकून सिगारेट शिलगावणार, त्याच्या डोळ्यांसमोर चाबूक उडवणार, आणि घोड्याची पापणी लवणार नाही. लोक टाळ्यांचा कडकडाट करणार. 'मी घडवलेलं जनावर दहा वर्षांनीही माझी शीळ विसरत नाही', हे त्याचं ठरलेलं वाक्य.

"बोलवा ना," हळूबाई म्हणाली. "जरूर बोलवा."

आणि ती इतकं गोड हसली की मालकीणबाई दोन पावलं मागे सरल्या.

प्रदर्शनाला पाच महिने होते. हळूबाईला काय हवं होतं, ते तिनं त्याच दिवशी ठरवलं. मामाची हाडं मोडायला नको होती. पैसे नको होते. माफी तर मुळीच नको होती, ती कुणालाही मागता येते. तिला मामाच्या तोंडून एकच शब्द ऐकायचा होता. बास.

नऊ वर्षांची असताना तिनं एका घोड्याला सफरचंद दिलं होतं. त्या घोड्याला मामानं आधीच शिक्षा म्हणून दोन दिवस उपाशी ठेवलं होतं. अंगणातून शीळ आली. मग मामा आला, लगामाची तुटकी वादी हातात घेऊन. तो एक पाऊल पुढे, ती एक पाऊल मागे. तो पुढे, ती मागे. पाठीला भिंत लागेपर्यंत. त्या दिवशी ती सतरा वेळा म्हणाली होती, "बास, मामा, बास." सतरा! तिनं मोजले होते, कारण मोजत राहिलं की मार जरा लांबून लागतो. सतरापैकी एकालाही मामा थांबला नव्हता. अठराव्या वेळी तिचा आवाजच फुटला नाही. मग तो थांबला. हात दुखायला लागला म्हणून.

तर आता तो शब्द त्याच्या तोंडून. चारचौघांत.

नालबंदकाकांना वाटलं, हळूबाई घोडीला लाथ मारायला शिकवणार. त्यांचे डोळे चमकले. "शीळ वाजली की मामाच्या अंगावर धावून जायचं, असंच ना? वा! मी पुढच्या पायांना जड नाल बसवतो!"

खोटं कशाला सांगायचं, हळूबाईच्या मनातही ते आलं होतं. एका दुपारी ती खरोखरच वादी घेऊन भिंगरीसमोर उभी राहिली. सोपं होतं सगळं. मामासारखी टोपी घालायची, शीळ वाजवायची, फटका मारायचा. शंभर वेळा. घोडी एक दिवस चवताळून उठली असती. तिनं वादीचा हात नुसता वर केला, आणि भिंगरी एक पाऊल मागे गेली. मग आणखी एक. मग तिच्या पार्श्वभागाला भिंत लागली.

हळूबाईनं वादी खुंटीला अडकवली आणि ती घडीची खुर्ची आणायला गेली.

मामाला तिनं माफबिफ केलं नाही हं. छे! उलट दातओठ खाऊन आणखी पक्कं ठरवलं. फक्त ते भिंगरीच्या कातड्यातून वसूल करायचं नाही, एवढंच.

पहिली अडचण म्हणजे हळूबाईला शीळच वाजवता येईना. तोंडाचा चंबू केला की ओठ कोरडे ठक्क. घरी आरशासमोर उभं राहून रोज फू फू. शेजारीण एकदा विचारून गेली की तुमचा कुकर बिघडलाय का. महिनाभरानं एकदाचा आवाज निघाला आणि तो निघाल्याबरोबर ती स्वतःच दचकून बेसिनला धरून उभी राहिली. मग पुन्हा वाजवली. आणि पुन्हा. शीळ म्हणजे नुसती हवा आहे, हे आधी तिला स्वतःला पटवावं लागलं.

तोवर काका लांब फाटकापाशी उभे राहून हळूच शीळ वाजवायचे आणि हळूबाई त्याच क्षणी भिंगरीला गाजर द्यायची. लांब, आखूड, गाजर. लांब, आखूड, गाजर. पहिले पंधरा दिवस घोडीनं गाजर तोंडात नुसतं धरून ठेवलं. सोळाव्या दिवशी चावलं. त्या कर्रकन आवाजानं काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी ते धुळीवर ढकललं.

तिसऱ्या महिन्यात शीळ ऐकली की भिंगरी कान टवकारून धावत यायची आणि वाजवणाऱ्याचे खिसे हुंगायची. मग चाबूक. हळूबाई चाबकाच्या दांड्यानं तिची आयाळ संपते तिथला उंचवटा खाजवून द्यायची. घोड्यांचा जीव की प्राण असतो तो उंचवटा! भिंगरीचा वरचा ओठ सुखानं लोंबायला लागायचा. चाबूक दिसला की ती आता आपणहून खांदा पुढे करायची.

मग शेवटचे दोन धडे. माणूस मागे सरला की आपण पुढे जायचं, माणूस थांबला की थांबायचं. आणि माणूस 'बास' म्हणाला, अगदी पुटपुटला तरी, काहीही चालू असो, थांबायचं आणि एक पाऊल मागे जायचं. हा शेवटचा धडा दोन्ही बाजूंनी होता. भिंगरीला नको झालं की ती मान बाजूला वळवायची, ते तिचं 'बास'. मग हळूबाईनंही हात खाली घ्यायचा, लगेच. कितीही घाई असो. बास म्हणजे बास. यात एकदाही चूक झाली नव्हती.

"काय गं हा सूड?" काका वैतागून म्हणाले. "गाजरं खायला घालून कुणी सूड घेतं का? तुझा मामा ढेकर देऊन घरी जाईल!"

"काका, मामा घाबरला नाही तर काहीसुद्धा होणार नाही. नुसता उभा राहिला तर तीही उभी राहील."

"आणि घाबरला तर?"

हळूबाईनं गाजराचा कडकन तुकडा मोडला.

प्रदर्शनाच्या दिवशी कुंपणाभोवती माणसं दाटली होती. मामा गाडीतून उतरला. सत्तरी उलटली होती, पण बूट तसेच आरशासारखे, काखेत चाबूक, डोक्यावर उंच काठाची टोपी.  हळूबाईनं नेहमीप्रमाणे त्याचा जबडा वाचला. सैल. स्वारी खुशीत आहे.

"अरेच्चा! ही तू?" मामानं तिला आपादमस्तक न्याहाळलं. "ऐकलं होतं मी, घोड्यांना मटार शिकवतेस म्हणे!"

आजूबाजूचे हसले. हळूबाई पण हसली. "हो मामा. काही घोडे तर सोलायलाही लागलेत."

"बाई, या पोरीला लहानाची मोठी मी केली बरं का," मामा मालकीणबाईंना सांगायला लागला. "अंगात नुसता हट्ट! ताब्यात यायला सात वर्षं लागली. पण आज बघा, नाव काढलं. ही पण माझ्याच हातची घोडी म्हणायची!" आणि त्यानं हळूबाईच्या मानेवर थाप मारली, घोड्याला मारतात तशी.

हळूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण आवाज? आवाज दुधावरच्या सायीसारखा.

"मामा, आत जाण्याआधी तीन गोष्टी सांगते. मालकीणबाई, तुम्हीही ऐका. घोडी आता पहिल्यासारखी नाही. एक, भीती वाटली तर जागचं हलू नका, तीही हलणार नाही. दोन, मागे सरलात तर ती पुढे येईल. तीन, अगदीच नको झालं तर 'बास' म्हणा. हळू म्हणालात तरी चालेल. ती लगेच थांबते."

"मी? बास?" मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. "अगं कार्टे, पन्नास वर्षांत एका जनावरापुढे मी मागे सरलो नाही. मला शिकवतेस?"

"छे हो. सांगितलं आपलं. नंतर कुणी म्हणायला नको, सांगितलं नाही म्हणून."

नालबंदकाका तोंडातले खिळे चघळत आभाळाकडे बघत होते.

मामा रिंगणाच्या मध्यावर उभा राहिला. भिंगरीला पलीकडच्या टोकाला मोकळं सोडलं. माणसं चिडीचूप झाली. आणि शीळ आली. लांब. आखूड.

भिंगरीचे कान टवकारले. आणि ती निघाली की! पांढरे पायमोजे उडवत, शेपटी वर करून, थेट मामाकडे!

मामाचा चेहरा... पण आधी त्याला वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यानं आणखी जोरात वाजवली. भिंगरीला वाटलं, आज दोन गाजरं! ती दुप्पट वेगानं आली, त्याच्यासमोर थांबली आणि कोटाच्या खिशात तोंड खुपसलं.

मुलं खिदळली. मोठ्यांना वाटलं, प्रयोगाचाच भाग असेल, म्हणून टाळ्या पडल्या. मामाची कानशिलं लाल झाली. हळूबाईला इतक्या लांबूनही दिसली. त्यानं चाबूक उगारला. मालकीणबाई "अहो!" म्हणून उठल्या. चाबूक दिसताच भिंगरीनं आनंदानं खांदा पुढे केला, खाजवा की, म्हणून. चारशे किलोच्या घोडीचा खांदा! मामाला धक्का बसला आणि तो तोल सावरायला एक पाऊल मागे सरला.

फक्त एक पाऊल. तिथेच थांबला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण ज्या जनावराला आपली भीती वाटत नाही, अशा जनावरासमोर मामा आयुष्यात पहिल्यांदाच उभा होता. त्याला हे काय आहे तेच कळेना. त्याचा पाय आणखी मागे गेला.

भिंगरी पुढे आली.

तो मागे, ती पुढे. तो मागे, ती पुढे. कान पुढे, डोळे लुकलुकते, अगदी शहाण्या विद्यार्थिनीसारखी. मामानं तिरपं जाऊन बघितलं, ती तिरपी आली. त्यानं चाबूक टाकला. तिनं तो हुंगला आणि ओलांडला. त्याची टोपी पडली. टोपीखाली गुळगुळीत टक्कल होतं, हे आजवर कुणालाच माहीत नव्हतं. आता कुंपणाभोवती हसण्याच्या लाटा उठत होत्या. कुणीतरी ओरडलं, "उस्ताद, घोडा कोण आणि मालक कोण?"

हळूबाई मात्र हसत नव्हती. ती कुंपणाच्या बाहेरून चालत होती, मामा जसजसा मागे येईल तसतशी. तिला माहीत होतं तो कुठे पोचणार. माणूस मागे मागे गेला की शेवटी कुठे पोचतो, ते तिच्याइतकं कुणाला माहीत?

मामाच्या पाठीला फळ्या लागल्या. भिंगरीचं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर. तिचा गरम श्वास त्याच्या मिशांत. फळीच्या पलीकडे, त्याच्या कानामागे, हळूबाई.

"हटव," तो दातांतून म्हणाला. "हटव हिला, कार्टे."

"हा शब्द तिला येत नाही, मामा."

"अगं, चावेल ती! कुणाला तरी बोलव!"

"मामी रेडिओ मोठा करायची. आठवतं?"

 बाहेरचे हसून हसून बेजार झाले होते, त्यांना यातलं काही ऐकू जात नव्हतं. भिंगरीनं आणखी अर्धं पाऊल टाकलं आणि त्याच्या छातीला नाक टेकवलं, गाजर कुठे आहे, म्हणून. मामाचे दोन्ही तळवे मागे फळ्यांवर दाबले गेले. मान खाली. खांदे वर.

"बास," तो म्हणाला.

एवढुसा आवाज. कुठल्याशा लहान पोराचा वाटावा असा.

भिंगरी थांबली. एक पाऊल मागे गेली आणि उभी राहिली.

आणि आता ऐका. हळूबाईच्या ओठांचा चंबू झालेला होता. तिनं तसंच ठरवलं होतं, पाच महिन्यांपासून. सतरा वेळा. तो बास म्हणेल, ती शीळ वाजवेल, घोडी पुन्हा पुढे येईल. तो पुन्हा म्हणेल. एकूण सतरा. तिच्या अंगातली नऊ वर्षांची पोर टाचा उंच करून वाट बघत होती. वाजव! वाजव ना!

पण भिंगरी तिच्याकडे बघत होती. एक कान मामाकडे, एक कान तिच्याकडे. बास म्हटलं आणि मी थांबले, बरोबर ना? आता शीळ वाजली असती तर त्या घोडीला एकच गोष्ट कळली असती. इथेही बासला काही अर्थ नसतो.

हळूबाईनं ओठ मिटले. मामासाठी नाही, हे नीट लक्षात घ्या. मामासाठी तिनं केसभरही सोडलं नसतं.

ती फळीला तोंड लावून, त्याच्या कानात म्हणाली, "मी सतरा वेळा म्हणाले होते. हिला एकदाच सांगावं लागलं."

मामानं मान वळवली नाही.  हळूबाईनं फाटक उघडलं, आत गेली, भिंगरीला कबूल केलेली दोन गाजरं दिली आणि तिच्या गळ्याभोवती हात टाकून तिला घेऊन निघाली. मामाच्या अगदी समोरून. त्याच्याकडे पाठ करून.

तो गाडीपर्यंत एकटाच चालत गेला. त्याला हात द्यायला कुणी पुढे झालं नाही. नालबंदकाका तर ऐरणीवर हातोडा आपटत होते, काही कामधंदा नसताना, जोरजोरात आणि अगदी तालात.

शिळेचा प्रयोग त्यानंतर कुठेच झाला नाही. चारच दिवसांनी मामाचा ड्रायव्हर आला, उंच काठाची टोपी मागायला. हळूबाई भिंगरीच्या दाराशी बसून मटार सोलत होती. टोपी तिथेच खुंटीला उलटी टांगलेली होती, काठोकाठ गाजरांनी भरलेली, आणि भिंगरी तिच्यात तोंड घालून कर्रकर्र चावत होती. कडेला दातांनी कुरतडल्याच्या चांगल्या ठसठशीत खुणा.

ड्रायव्हर घुटमळला. "बाई, उस्ताद म्हणाले, टोपी परत द्या."

"त्यांना म्हणावं, स्वतः या," हळूबाई मान वर न करता म्हणाली. "फाटकातून शीळ वाजवली तरी चालेल. घोडीच घेऊन येईल."